पाव कापायची फळी आणि लुकलुकणारा दिवा

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ ही ३२ बिटांची चिप पंतप्रधानांना सादर करण्यात आली. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या सहकार्याने ती विकसित केली आणि मोहालीतच ती घडवली गेली. त्याआधी मार्च २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूहाच्या चिप-कारखान्याची पायाभरणी झाली होती. तेथे २८ नॅनोमीटर तंत्रज्ञानापर्यंतच्या चिप घडवण्याचे उद्दिष्ट आहे. अशा बातम्या वाचताना समाधान वाटते, आणि मनात एक साधा प्रश्नही येतो. दरवर्षी विज्ञान शाखेतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांनी आठ पायांची एखादी चिप स्वतःच्या हातांनी जोडून पाहिलेली असते?

हा प्रश्न मी दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारत नाही. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत मीही ती जोडलेली नव्हती.

म्हणून आज मोठ्या कारखान्यांविषयी न लिहिता एका अगदी लहान मंडलाविषयी लिहिते आहे. एक ब्रेडबोर्ड, ५५५ क्रमांकाची चिप, तीन रोधक (दुकानात आपण ‘रेझिस्टर’ म्हणून मागतो ते), एक धारित्र म्हणजेच कपॅसिटर, एक तांबडा एलईडी, ९ व्होल्टची बॅटरी आणि थोड्या तारा. सगळे मिळून साधारण दीड-दोनशे रुपयांत येते. जोडणी बरोबर झाली की एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकतो. नवशिक्याला सहसा हेच मंडल पहिल्यांदा जोडायला देतात. त्या लुकलुकण्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या अगदी आरंभी एक भारतीय प्रयोगशाळा आहे, हे मात्र देताना क्वचितच सांगितले जाते.

आधी फळीविषयी. ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव अक्षरशः स्वयंपाकघरातून आले आहे. आपल्याकडे पोळपाट, तशी पाश्चात्त्य घरात पाव कापायची लाकडी फळी असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत रेडिओचे वेड लागलेल्या हौशी मंडळींनी तीच उचलली. तिच्यावर खिळे, स्क्रू आणि पितळी टाचण्या ठोकायच्या, त्यांना तांब्याच्या तारा गुंडाळायच्या, वेटोळी आणि व्हॉल्व्ह बसवायचे, की रेडिओ तयार. चुकले तर तार सोडवून दुसऱ्या खिळ्याला गुंडाळायची. ही पद्धत इतकी रुळली की १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ॲटवॉटर केंट या उत्पादकाने उघड्या लाकडी फळीवर मांडलेले रेडिओच बाजारात विकले. आज संग्राहक त्यांना ‘ब्रेडबोर्ड रेडिओ’ म्हणूनच ओळखतात.

पुढे लाकडाची जागा भोकांच्या प्लास्टिकने घेतली. ऑर्व्हिल थॉम्पसन या अमेरिकी तंत्रज्ञाने १९६०मध्ये केलेल्या पेटंट अर्जात भोकांच्या ओळी आणि त्यांखाली धातूच्या लवचिक पट्ट्या अशी रचना होती. आज आपण वापरतो तो पांढरा ब्रेडबोर्ड रोनाल्ड पोर्तुगाल यांनी १९७१च्या सुमारास कनेक्टिकटमधील ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीसाठी आखला. त्यातील दोन भोकांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असते. हे माप सहज ठरलेले नाही. १९६४मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत चिपसाठी दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा असलेले आवरण तयार झाले, आणि त्याच्या पायांमधले अंतर नेमके तेवढेच होते. ब्रेडबोर्डच्या मध्यावरची खाच ही त्या चिपची बैठक. चिप तिच्यावर घोड्यावर बसावी तशी बसते, आणि प्रत्येक पायाच्या वाट्याला पाच भोकांची रांग येते. त्यांतले एक भोक पाय व्यापतो, उरलेल्या चार भोकांत आपण हवे ते जोडावे. डाखण करावे लागत नाही, घटक जळत नाहीत, आणि चुकलेली जोडणी दोन बोटांनी उपसता येते. चूक स्वस्त करणे हाच या फळीचा खरा शोध होता, असे मला वाटते.

फळी पाश्चात्त्य घरातून आली असली, तरी तिच्यावर बसणाऱ्या पदार्थाची, म्हणजे अर्धवाहकाची, कहाणी कोलकात्यापर्यंत येऊन पोहोचते. १८९०च्या दशकात प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस मिलिमीटर तरंगलांबीच्या विद्युत्चुंबकीय लहरींवर काम करत होते. तयार उपकरणे मिळण्याची सोयच नव्हती. लहरींच्या ध्रुवणासाठी त्यांनी पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक वापरले. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून लहरी पाठवून त्यांच्या ध्रुवणाची पातळी फिरते हे त्यांनी दाखवले. घरात आणि बाजारात जे मिळाले त्यातून त्यांनी जगात अव्वल ठरेल असे भौतिकशास्त्र उभे केले. ‘ब्रेडबोर्ड’ हा शब्द त्यांच्या कानांवर आला असेल-नसेल, पण वृत्ती तीच होती.

याच कामात त्यांनी गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून लहरी ओळखणारा शोधक तयार केला. ३० सप्टेंबर १९०१ रोजी त्यांच्या वतीने अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ते मंजूर झाले. अर्धवाहक उपकरणाला मिळालेल्या जगातील अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी नोबेल मिळालेले वॉल्टर ब्रॅटन यांनी जेराल्ड पिअरसन यांच्यासह १९५५मध्ये अर्धवाहकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिला, तेव्हा रेडिओ लहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचे श्रेय त्यांनी बोस यांना दिले. १९२०च्या दशकात घरोघरच्या लाकडी फळ्यांवर जे स्फटिक रेडिओ जोडले गेले, त्यांतील स्फटिकाचे आणि टेकवलेल्या तारेचे तत्त्वही याच जातीचे.

आपल्या मंडलातला तांबडा एलईडी याच स्फटिक-शोधकांच्या घराण्यातला. १९०७मध्ये ब्रिटिश अभियंते हेन्री राउंड यांना कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, या स्फटिकातून वीज जाताना अंधुक उजेड दिसला. त्यांनी छोटेसे टिपण छापले आणि विषय तिथेच राहिला. पुढे रशियातील ओलेग लोसेव्ह या तरुणाला रेडिओच्या स्फटिकांवर काम करताना तोच उजेड दिसला. रेडिओ प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या या मुलाने त्याचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९२७पासून त्यावर शोधनिबंध लिहिले. १९४२मध्ये वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने त्याचा अंत झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६२मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडपासून डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी बनवला. ब्रेडबोर्डवर आज दोन रुपयांचा एलईडी लागतो, तेव्हा हा सारा प्रवास त्यात असतो.

आता ५५५. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हान्स कॅमेनझिंड हे अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीत अभियंते होते. मंदीच्या काळात त्यांनी नोकरी सोडून त्याच कंपनीसाठी कंत्राटावर ही चिप आखण्याचे काम घेतले. त्यांच्या पहिल्या आराखड्याला नऊ पाय लागत होते. धारित्र स्थिर प्रवाहाने भरण्याऐवजी साध्या रोधकातूनच भरावे असे त्यांना १९७१मध्ये सुचले, तेव्हा एक पाय वाचला आणि चिप आठ पायांच्या स्वस्त आवरणात मावली. त्या काळी चिपचा आराखडा संगणकावर तपासण्याची सोय जवळजवळ नव्हती. सुट्या ट्रान्झिस्टरांनी संपूर्ण मंडल आधी बाहेर जोडून बघावे लागे, आणि मग चिपच्या नकाशाचे थर तांबड्या पातळ पडद्यातून सुरीने कापावे लागत. कॅमेनझिंड यांनीही असेच केले. म्हणजे ब्रेडबोर्डवर सर्वाधिक वेळा बसलेली ही चिप स्वतःही सुट्या घटकांच्या जोडणीतूनच जन्माला आली. १९७२मध्ये ती बाजारात आली आणि आजही बनते आहे. तिच्या पोटात ५ किलोओहमचे तीन रोधक आहेत म्हणून ती ५५५, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते. कॅमेनझिंड यांनी स्वतः हे नाकारले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार आकडा विपणन विभागातील एका अधिकाऱ्याला आवडला, इतकेच.

ते तीन समान रोधक मात्र खरेच आहेत आणि भौतिकशास्त्राची खरी गंमत तिथेच आहे. ते बॅटरीच्या विभवाचे तीन सारखे भाग करतात. ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर ३ आणि ६ व्होल्ट या दोन खुणा ठरतात. धारित्र भरत ६ व्होल्टला पोहोचले की चिप त्याला रिकामे करू लागते, ३ व्होल्टला उतरले की पुन्हा भरू देते. चढण्याचा आणि उतरण्याचा हा निर्णय लक्षात ठेवणारा भाग म्हणजे फ्लिप-फ्लॉप, आणि तोही जुनाच. एक्लिस आणि जॉर्डन या दोघांनी १९१८मध्ये इंग्लंडमध्ये तो दोन व्हॉल्व्ह वापरून बनवला होता.

जोडणी अशी. चिपवरची खाच डावीकडे धरली, की खालच्या बाजूला डावीकडून १ ते ४ आणि वरच्या बाजूला उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजावेत. ८ आणि ४ धन बाजूला, १ ऋण बाजूला. ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहम. ७ आणि ६ यांच्यामध्ये ६८ किलोओहम. ६ आणि २ एका तारेने एकत्र. २ आणि ऋण यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचे धारित्र, त्याची पट्टा असलेली बाजू ऋणाकडे. ३ क्रमांकाच्या पायापासून ४७० ओहमच्या रोधकातून एलईडीच्या लांब पायाकडे, आणि आखूड पाय ऋणाकडे. ५ मोकळा राहिला तरी चालेल.

आता वेळ मोजू. धारित्र ३ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत भरते, तेव्हा ९ व्होल्टपर्यंत उरलेले अंतर ६वरून ३ होते, म्हणजे निम्मे. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल ज्या गणिताने निघतो, त्याच गणिताने हा काळ निघतो, म्हणजे ०.६९३ गुणिले रोध गुणिले धारकता. भरताना दोन्ही रोधकांतून प्रवाह जातो, म्हणून ०.४७८ सेकंद लागतात. रिकामे होताना फक्त ६८ किलोओहममधून जातो, म्हणून ०.४७१ सेकंद. एकूण ०.९५ सेकंद. बॅटरी उतरून ७ व्होल्टवर आली तरी दोन्ही खुणा त्याच प्रमाणात खाली येतात, आणि उरलेले अंतर निम्मेच होत राहते. लुकलुकण्याचा वेग बॅटरीवर जवळजवळ अवलंबून राहत नाही, तो याच कारणाने. घड्याळ लावून मोजल्यास उत्तर थोडे वेगळे येईल, कारण अशा धारित्रांच्या छापील मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. तो फरक मोजणे हाच पुढचा प्रयोग.

मी हे सारे इतक्या विश्वासाने लिहिते आहे, पण माझ्या पहिल्या जोडणीचा दिवा लागला नव्हता.

बारावीत आणि त्यानंतरही आमच्या प्रात्यक्षिकांच्या टेबलावर मंडले लाकडी पेट्यांत आधीच जोडलेली असत. वर आकृती रंगवलेली, खाली झाकण स्क्रूने बंद. आम्ही बटण दाबायचे, आकडे उतरवायचे, आलेख काढायचा. आत काय आहे हे पाहण्याची परवानगी नव्हती, कारण काही बिघडले तर दुरुस्त कोण करणार? मला त्या प्रात्यक्षिकांत नेहमी उत्तम गुण मिळाले. डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षी प्रयोगासाठी ठरावीक अंतराने स्पंदने देणारे साधे मंडल हवे होते. मी पुस्तकातून ५५५ची आकृती घेतली, समीकरणे तपासली आणि ब्रेडबोर्डवर पहिल्यांदा हात चालवला. काहीच घडले नाही. दोन तास मी गणित पुन्हा पुन्हा तपासत बसले. गणित बरोबरच होते.

शेवटी प्रयोगशाळेतले, निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी गणित पाहिलेच नाही. ब्रेडबोर्डच्या कडेने धावणाऱ्या तांबड्या रेषेवर बोट ठेवून ते म्हणाले, “ही रेघ मध्ये तुटली आहे, दिसतंय का?” खरोखरच, अगदी मध्यावर रेषेत छोटीशी फट होती. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डांवर वीज वाहून नेणारी आतली पट्टी मध्यावर दुभंगलेली असते. मी बॅटरी डाव्या अर्ध्यात जोडली होती, चिप उजव्या अर्ध्यात होती. त्यांनी फटीवरून एक बोटभर तार टाकली आणि एलईडी लुकलुकू लागला. भौतिकशास्त्राच्या इतक्या वर्षांत मी रेषा म्हणजे तार असे धरूनच चालले होते. कागदावर ते खरे असते.

ती फट मला आपल्या देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातही दिसते. बोस यांच्यापासून ‘विक्रम’ चिपपर्यंत एक अखंड रेषा ओढण्याचा मोह होतो. पण वस्तुस्थिती तशी नाही. बोस यांनी लवकरच वनस्पतींच्या प्रतिसादांकडे लक्ष वळवले आणि स्फटिक-शोधकांची परंपरा त्यांच्या मागे येथे रुजली नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र गंभीर प्रयत्न झाले. १९५४मध्ये बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी संगणक उभा राहिला, तो १९६०मध्ये कार्यान्वित झाला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ नावाने ओळखला गेला. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६च्या अहवालात देशासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा आराखडा मांडला. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात मोहालीत चिप-निर्मिती सुरू झाली. फेब्रुवारी १९८९मध्ये त्या कारखान्याला भीषण आग लागली आणि तो पुन्हा उभा राहण्यात अनेक वर्षे गेली. जग त्या काळात फार पुढे निघून गेले. आज ‘विक्रम ३२०१’ त्याच मोहालीत १८० नॅनोमीटर तंत्राने बनली आहे. प्रक्षेपकाला सर्वांत सूक्ष्म चिपपेक्षा उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअस तापमानात टिकणारी चिप अधिक हवी असते, त्यामुळे त्या आकड्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ब्रेडबोर्डवर हात बसलेला विद्यार्थी चिप-कारखान्यासाठी तयार होतो, असे मी म्हणणार नाही. ब्रेडबोर्डच्या दोन भोकांमधले अंतर २८ नॅनोमीटरच्या सुमारे नव्वद हजार पट आहे, आणि मधल्या अंतरात रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र, पदार्थविज्ञान असे सारे भरलेले आहे. पण त्या कारखान्यात रोज काय घडणार आहे? मोजमाप अपेक्षेप्रमाणे येणार नाही, आणि कुणालातरी शांतपणे शोधावे लागेल की रेषा कुठे तुटली आहे. ही सवय व्याख्यानातून येत नाही. ती हात चुकल्याने येते, आणि चूक जिथे स्वस्त असते तिथेच हात मोकळेपणाने चुकतो.

यादृष्टीने अटल टिंकरिंग लॅबची योजना मला महत्त्वाची वाटते. देशातील दहा हजार शाळांत अशा प्रयोगशाळा मंजूर झाल्या, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजारांची घोषणा झाली. यशाची कसोटी मात्र प्रयोगशाळांच्या संख्येत नाही. तेथील ब्रेडबोर्डची भोके वापरून सैल झाली आहेत की नाहीत, हे पाहावे. कपाटात कुलूपबंद असलेला नवाकोरा ब्रेडबोर्ड आणि माझ्या वेळची स्क्रूने बंद केलेली पेटी यांत फरक काहीच नाही.

शिक्षकांना विनंती एवढीच की पहिल्या तासाला मंडल जोडून दाखवू नका, मुलांना चुकीचे जोडू द्या. विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे. दिल्लीचे लजपत राय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, यांपैकी जे जवळ असेल तिथे जा, नाहीतर घरबसल्या मागवा. वर लिहिलेली जोडणी करा. एलईडी पहिल्या प्रयत्नात लुकलुकला तर छानच. न लुकलुकल्यास गणिताकडे वळण्याआधी फळीच्या कडेची तांबडी रेषा नीट पाहा, आणि काय सापडले ते खाली प्रतिक्रियेत कळवा.